छातीचं ऑपरेशन, बंद ठेवलेलं फुफ्फुस आणि नंतरचा गोंधळ : मेंदूचा यात नेमका संबंध काय?

ऑपरेशन चांगलं झालं, गाठ पूर्ण निघाली, असं सर्जन सांगून जातात. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आणि त्याच रात्री आयसीयूतून बोलावणं येतं. बाबा सलाईन ओढून काढतायत, 'माझी गाडी चुकेल, मला सोडा' म्हणून उठायला बघतायत. किंवा याच्या अगदी उलट. आई शांत पडून आहे, काही विचारलं तर बऱ्याच वेळाने उत्तर देते आणि रोज मांडीवर बसणाऱ्या नातवाचं नाव तिला सांगता येत नाही.

फुफ्फुसाच्या, अन्ननलिकेच्या किंवा छातीतल्या इतर मोठ्या ऑपरेशननंतर हा प्रकार दुर्मीळ नाही. साठी ओलांडलेल्यांमध्ये तर नाहीच. अशा वेळी वेटिंग रूममध्ये दोन शंका हमखास निघतात. 'भूल जास्त झाली का?' आणि 'मेंदूला ऑक्सिजन कमी पडला का?'

यातली दुसरी शंका छातीच्या ऑपरेशनपुरती तरी अगदीच हवेतली नाही. कारण या ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा रुग्णाचं एक फुफ्फुस मुद्दाम बंद केलं जातं आणि तासन् तास त्याचं शरीर एकाच फुफ्फुसावर चालतं. या काळात भूलतज्ज्ञ श्वास कसा सांभाळतात, याचा ऑपरेशननंतरच्या स्मरणशक्तीशी आणि भानावर येण्याशी काय संबंध आहे, याचा शोध डॉक्टर गेली अनेक वर्षं घेत आहेत. त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' इतकं सरळ मिळालेलं नाही.

आधी या गोंधळाला काय म्हणतात ते पाहू

आपल्याकडे याला 'बरळणं', 'भ्रमिष्टासारखं करणं', 'डोक्यावर परिणाम झाला' असे शब्द आहेत. वैद्यकात यात दोन वेगळ्या गोष्टी धरतात.

पहिली म्हणजे डिलिरियम. हा अचानक येतो, बहुधा ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत. दिवसभरात कमी-जास्त होतो, संध्याकाळी आणि रात्री वाढतो. रुग्णाचं लक्ष एका जागी टिकत नाही. आरडाओरडा करणारा डिलिरियम सगळ्यांना दिसतो. पण गप्प, सुस्त, झोपाळू करून टाकणारा डिलिरियमही असतो आणि तोच जास्त निसटतो. 'थकलेत, झोपू द्या' असं म्हणून घरचेही सोडून देतात आणि कधीकधी स्टाफही.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. रुग्ण बोलतो, चालतो, घरी जातो. पण हिशेब चुकतो, टीव्हीवरची मालिका कुठे थांबली होती ते आठवत नाही, पेपर वाचायला घेतला की दोन ओळींत मन उडतं. याला पूर्वी ऑपरेशनोत्तर बौद्धिक बिघाड म्हणत. 2018 मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने याची नावं बदलली. पहिल्या 30 दिवसांत दिसणाऱ्या घसरणीला त्यांनी 'आजार' न म्हणता 'लांबलेली बौद्धिक भरपाई' अशा अर्थाचं नाव दिलं. अजून शरीर सावरतंय, इतक्यात शिक्का मारू नका, हा त्यामागचा विचार.

हा प्रश्न डॉक्टरांना आत्ता सुचलेला नाही. फिलिप बेडफर्ड या ब्रिटिश डॉक्टरांनी 1955 मध्येच 'द लॅन्सेट'मध्ये वृद्धांच्या मेंदूवर होणाऱ्या भुलेच्या वाईट परिणामांबद्दल लिहिलं होतं.

एक फुफ्फुस बंद का करावं लागतं?

फुफ्फुस सतत हलतं. श्वासागणिक फुगणाऱ्या आणि बसणाऱ्या अवयवातून गाठ काढणं, त्याच्या नाजूक रक्तवाहिन्यांना टाके घालणं फार अवघड. दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं तर छातीच्या पिंजऱ्यात कॅमेरा फिरवायलाही जागा हवी. म्हणून ज्या बाजूला काम आहे ते फुफ्फुस हवा काढून बसवतात आणि व्हेंटिलेटर फक्त दुसऱ्या फुफ्फुसाला हवा देतो.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी छाती उघडणं हेच मुळात जिवावरचं काम होतं. छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरते आणि फुफ्फुस मिटतं. यावर 1904 मध्ये जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्स्वाफमध्ये, फर्डिनांड झाउअरब्रुख या तरुण सर्जनने अजब तोडगा काढला. त्याने हवेचा दाब कमी ठेवलेली एक खोलीच बनवली. रुग्णाचं धड आणि सर्जन खोलीच्या आत, रुग्णाचं डोकं मात्र बाहेर. पुढे श्वासनळीत नळी घालून दाबाने हवा देण्याचं तंत्र आलं आणि ही खोली इतिहासजमा झाली.

आज एका फुफ्फुसाला हवा देण्यासाठी मुख्यतः दुहेरी पोकळीची नळी वापरतात. तिचा पूर्वज स्वीडनमधल्या एरिक कार्लेन्सने 1949 मध्ये बनवला, तोही ऑपरेशनसाठी नव्हे, तर दोन्ही फुफ्फुसांची क्षमता वेगवेगळी मोजण्यासाठी. पण त्या काळात टीबीने खराब झालेली फुफ्फुसं मोठ्या प्रमाणावर काढावी लागत. ऑपरेशन करताना आजारी फुफ्फुसातला पू आणि कफ वाहून चांगल्या फुफ्फुसात जाण्याची भीती असे. कार्लेन्सच्या नळीने दोन्ही बाजू वेगळ्या ठेवता येऊ लागल्या. टीबीमुळे निकामी झालेलं फुफ्फुस किंवा छातीत साठलेला पू यांसाठी ऑपरेशन करण्याची वेळ आपल्याकडे आजही येते, त्यामुळे या नळीचं हे जुनं काम अजून संपलेलं नाही.

एकाच नळीत दोन मार्ग असतात. एक श्वासनळीत उघडतो, दुसरा पुढे जाऊन बहुधा डाव्या फुफ्फुसाच्या फांदीत. डावीकडची फांदी लांब असते, त्यामुळे नळी नीट बसते. उजवीकडची आखूड असते आणि तिला वरच्या भागाचा फाटा लवकर फुटतो, तो नळीने बंद होण्याचा धोका असतो. नळी बरोबर बसली की नाही हे भूलतज्ज्ञ बारीक दुर्बीण घालून बघतात. रुग्णाला कुशीवर वळवल्यावर ती थोडी सरकू शकते, म्हणून तेव्हा पुन्हा बघतात.

रक्त जातं, पण ऑक्सिजन घेऊन येत नाही

खरी गंमत, आणि खरा धोका, इथून सुरू होतो. बंद फुफ्फुसात हवा जाणं थांबलं तरी रक्त जाणं थांबत नाही. हृदय दोन्ही बाजूंना रक्त पाठवतच राहतं. बंद बाजूला गेलेलं रक्त ऑक्सिजन न घेताच परत येतं आणि चांगल्या बाजूच्या ताज्या रक्तात मिसळतं. दुधात पाणी घालावं तसं.

याची भरपाई शरीर स्वतःच करू पाहतं. शेताला पाणी देणारा पाटकरी जसा पडीक रानाकडची चारी बंद करून पाणी उभ्या पिकाकडे वळवतो, तशाच फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या वागतात. जिथे ऑक्सिजन नाही तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त चांगल्या बाजूला वळतं. स्वीडनमधल्या फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या शास्त्रज्ञांनी 1946 मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांत ही गोष्ट दाखवून दिली. (यातल्या फॉन ऑयलर यांना पुढे 1970 मध्ये नोबेल मिळालं, ते मात्र मज्जातंतूंवरच्या वेगळ्या कामासाठी.)

गुरुत्वाकर्षणही मदतीला येतं. रुग्ण कुशीवर असतो, बंद फुफ्फुस वर आणि चालू फुफ्फुस खाली. रक्त खालच्या बाजूला जास्त जातं. कोविडच्या काळात रुग्णांना पालथं झोपवत होते, ते आठवत असेल. रक्त आणि हवा यांची गाठ नीट पडावी, हा तिथलाही एक हेतू होता.

पण रक्त वळवण्याचं हे काम एका झटक्यात होत नाही. ते काही मिनिटांत सुरू होतं आणि चांगला जोर धरायला अर्धा तास तरी लागतो. फुफ्फुस बंद केल्यानंतरच्या पहिल्या 20-30 मिनिटांत ऑक्सिजन सर्वांत खाली जातो, तो बऱ्याच अंशी यामुळे. शिवाय श्वासातून दिली जाणारी भूल जास्त मात्रेत असेल तर रक्तवाहिन्यांचं हे आकसणं ढिलं पडतं.

बोटावरचा आकडा आणि कपाळावरचा आकडा

कोविडने घराघरात पल्स ऑक्सिमीटर पोहोचवला. 95 च्या वर ठीक, 90 च्या खाली पळा, हे गणित आता कुणालाही विचारा. ऑपरेशन थिएटरमध्येही तेच यंत्र असतं आणि एका फुफ्फुसावर रुग्ण असताना आकडा साधारण 90 च्या खाली जाऊ नये यासाठी धडपड असते.

पण हा आकडा सांगतो तो बोटापर्यंत पोहोचलेल्या रक्ताबद्दल. मेंदूला किती मिळतंय, हे त्यावरून पूर्ण कळत नाही. मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर वापरतं त्यातला जवळपास 20 टक्के ऑक्सिजन त्याला लागतो. साठवून ठेवायची सोय त्याच्याकडे जवळजवळ नाही. त्याला मिळणारा ऑक्सिजन चार गोष्टींवर ठरतो : रक्तात ऑक्सिजन किती आहे, तो वाहून नेणारं हिमोग्लोबिन किती आहे, रक्तदाब पुरेसा आहे का आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या किती उघड्या आहेत. बोटावर 96 दिसत असताना रक्तदाब पडलेला असेल आणि रुग्णाला आधीच ॲनिमिया असेल, तर मेंदूच्या वाट्याला कमीच येणार.

यासाठी एक वेगळं उपकरण आहे. कपाळावर दोन पट्ट्या चिकटवतात. त्यातून निघणारा इन्फ्रारेडच्या जवळचा प्रकाश कवटीतून आत जातो आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून मेंदूच्या पुढच्या भागातल्या रक्तात ऑक्सिजन किती उरलाय याचा अंदाज मिळतो. इथे मुख्यतः वापरून झालेलं, परतीच्या वाटेवरचं रक्त मोजलं जातं. म्हणून हा आकडा बोटापेक्षा बराच कमी असतो, साधारण 60 ते 80. मॉनिटरवर 68 बघून नातेवाइकाने घाबरायचं कारण नाही. ते वेगळं मोजमाप आहे.

मग ऑक्सिजन कमी झाला की गोंधळ होतो का?

कॅनडातल्या मॉन्ट्रियलमधल्या एका गटाने हेच तपासलं. 45 मिनिटांहून जास्त काळ एका फुफ्फुसावर राहिलेल्या 76 रुग्णांच्या कपाळावर या पट्ट्या लावल्या. ऑपरेशनच्या आधी, नंतर 3 तासांनी आणि 24 तासांनी त्यांची एक छोटी बौद्धिक चाचणी घेतली : आज वार कोणता, आपण कुठे आहोत, तीन शब्द लक्षात ठेवा, उलटी वजाबाकी करा, अशी. 3 तासांनी 22 जणांमध्ये घसरण दिसली. 24 तासांनी हा आकडा 8 वर आला. मेंदूतला ऑक्सिजन 65 टक्क्यांच्या खाली जितका जास्त वेळ राहिला, तितकी घसरण होण्याची शक्यता जास्त होती. हा अभ्यास 2012 मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ ॲनेस्थेशिया'मध्ये आला.

वाचताना वाटतं, झालं, सापडलं कारण. पण थांबा. ऑपरेशननंतर 3 तासांनी कुणाच्याही रक्तात भुलेचं आणि वेदनाशामकांचं थोडंफार औषध असतंच. एका दिवसात बहुतेक जण सावरले, हेही याच अभ्यासात दिसतं. आणि ज्यांच्या मेंदूत ऑक्सिजन खाली गेला, ते मुळातच जास्त थकलेले, जास्त आजारी असतील, तर? दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असं होत नाही.

याच्या विरुद्ध टोकाला एक मोठा अभ्यास उभा आहे. 1998 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या त्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात साठ आणि त्यापुढच्या वयाचे 1,218 रुग्ण होते. पोट, हाडं आणि हृदय सोडून छातीची मोठी ऑपरेशन्स त्यात धरली होती. एका आठवड्याने 25.8 टक्के रुग्णांमध्ये बौद्धिक घसरण दिसली, तीन महिन्यांनी 9.9 टक्क्यांमध्ये. ऑपरेशन न झालेल्या तुलनेच्या गटात हेच आकडे 3.4 आणि 2.8 टक्के होते. म्हणजे त्रास खरा होता, म्हाताऱ्या माणसांचा नेहमीचा विसरभोळेपणा म्हणून झटकून टाकता येणारा नव्हता.

अभ्यासकांचा अंदाज होता की ऑक्सिजन आणि रक्तदाब खाली गेल्यामुळे हे होत असावं. त्यांनी दोन्ही गोष्टी काळजीपूर्वक मोजल्या आणि दोन्हींचा घसरणीशी ठोस संबंध निघाला नाही. आठवड्यानंतरच्या घसरणीशी संबंध निघाला तो वाढतं वय, भुलेचा लांबलेला काळ, कमी शिक्षण, दुसऱ्यांदा करावं लागलेलं ऑपरेशन, नंतर झालेला संसर्ग आणि श्वासाच्या गुंतागुंती यांचा. तीन महिन्यांनंतर तर फक्त वय उरलं.

हे दोन अभ्यास एकमेकांना खोडतात असं वरवर वाटतं. पण 1998 च्या अभ्यासात ऑक्सिजन मोजला होता बोटावर आणि त्यात सगळ्या प्रकारची ऑपरेशन्स एकत्र होती. मॉन्ट्रियलचा अभ्यास लहान, पण मोजमाप डोक्यावर आणि रुग्ण फक्त एका फुफ्फुसावर ठेवलेले. कपाळावरचा आकडा बघून उपचार बदलले तर गोंधळ कमी होतो का, यावरचे प्रयोग 2018 मध्ये कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात एकत्र तपासले गेले. पुरावा कच्चा आहे, ठाम काही सांगता येत नाही, असंच त्यातून निघालं. त्यामुळे 'आमच्या रुग्णाला ती पट्टी का लावली नाही' असा वाद घालण्याइतका आधार आज तरी नाही.

शिक्षणाचा मुद्दा आपल्याकडे जरा वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. शाळेची पायरी न चढलेल्या आजीला 'आज तारीख काय' विचारलं तर तिला सांगता येणार नाही, पण आज एकादशी आहे आणि परवा बाजार आहे, हे ती बिनचूक सांगेल. पाश्चात्त्य चाचणीत तिचे गुण कापले जातात. याच अडचणीवर 1990 च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढमध्ये अशिक्षित ग्रामीण वृद्धांसाठी हिंदी चाचणी तयार झाली. रुग्णाची चाचणी त्याच्याशीच, म्हणजे ऑपरेशनच्या आधीच्या त्याच्या गुणांशी ताडून बघणं का गरजेचं आहे, ते यावरून कळतं.

हवा किती, दाब किती?

ऑक्सिजनच्या पलीकडे आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या भूलतज्ज्ञांच्या हातात असतात.

एक म्हणजे कार्बन डायऑक्साइड. याला आपण टाकाऊ वायू समजतो, पण मेंदूच्या रक्तवाहिन्या किती उघडायच्या हे तोच ठरवतो. फुगे भराभर फुगवताना गरगरतं, ते त्यामुळेच. जोरात श्वास सोडून हा वायू जास्त बाहेर गेला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. व्हेंटिलेटरने गरजेपेक्षा जास्त हवा फिरवली तर झोपलेल्या रुग्णाच्याही मेंदूत हेच होतं. म्हणून एका फुफ्फुसावर असताना कार्बन डायऑक्साइड थोडा वाढला तरी बहुतेक वेळा चालवून घेतात. तो फार वाढू देणंही बरं नाही, विशेषतः हृदयाच्या उजव्या बाजूवर आधीच ताण असलेल्या रुग्णांत.

दुसरी गोष्ट म्हणजे एकट्या फुफ्फुसावर टाकलेलं ओझं. पूर्वी दोन्ही फुफ्फुसांना मिळून जेवढी हवा देत, जवळपास तेवढीच एकाला देत. प्रत्येक श्वासाला किलोमागे 10 ते 12 मिलिलिटर. उंचीवरून ठरणारं वजन 60 किलो धरलं तर 600 ते 720 मिलिलिटर. आता हेच प्रमाण किलोमागे 4 ते 6 वर, म्हणजे 240 ते 360 मिलिलिटरवर आणलं आहे. सोबत श्वास सोडल्यावरही फुफ्फुस पूर्ण मिटू नये म्हणून थोडा दाब कायम ठेवतात. कारण अति ताणलेलं फुफ्फुस सुजतं आणि त्या सुजेची रसायनं रक्तात उतरतात. बंद ठेवलेलं फुफ्फुस पुन्हा उघडतानाही असंच काहीसं होतं. ही रसायनं मेंदूभोवतीची संरक्षक भिंत सैल करून आत दाह निर्माण करू शकतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. फुफ्फुसाच्या त्रासाचा मेंदूवर परिणाम होण्याचा हा दुसरा रस्ता, आणि त्यात ऑक्सिजनचा आकडा एकदाही खाली यावा लागत नाही. 'ऑक्सिजन कमी पडला' या एका वाक्यात सगळं कोंबणं चुकीचं ठरतं, ते इथे.

मात्र सौम्य व्हेंटिलेशनने मेंदू वाचतो, हे माणसांवर पक्कं सिद्ध झालंय असं म्हणणं घाईचं होईल. फुफ्फुसांपुरतंही चित्र हलतंय. दक्षिण कोरियात 292 रुग्णांवर केलेल्या एका प्रयोगात प्रत्येक रुग्णाच्या फुफ्फुसाच्या लवचिकतेप्रमाणे दाब ठरवला, तेव्हा फुफ्फुसांच्या गुंतागुंती 12.2 टक्क्यांवरून 5.5 टक्क्यांवर आल्या. ही 2019 ची गोष्ट. पुढे 1,170 रुग्णांवर अनेक रुग्णालयांत मिळून तसाच मोठा प्रयोग झाला, त्याचा निकाल 2023 मध्ये आला आणि तो फरक काही दिसला नाही. पहिला निकाल आला तेव्हा त्याचं खूप कौतुक झालं होतं. वैद्यकातल्या 'क्रांतिकारी शोधां'च्या बातम्या व्हॉट्सॲपवर पुढे ढकलण्याआधी हे उदाहरण आठवायला हरकत नाही.

थिएटरबाहेरचा श्वास

1998 च्या त्या यादीत संसर्ग आणि श्वासाच्या गुंतागुंती होत्या. या दोन्ही बहुधा ऑपरेशननंतरच्या दिवसांतल्या गोष्टी. छातीवर चिरा किंवा बरगड्यांमधून घातलेली नळी असेल तर खोल श्वास घेताना कळ येते. रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकायचं टाळतो. कफ साठतो, फुफ्फुसाचा खालचा भाग मिटतो, न्यूमोनिया होतो. दुखतंय म्हणून मॉर्फीनसारखं औषध वाढवलं तर श्वास मंदावतो आणि झोपाळूपणा वाढतो. पाठीतून किंवा बरगड्यांजवळ नसांना बधिर करण्याचं इंजेक्शन यासाठीच देतात : दुखणं कमी, गुंगी कमी, खोकायला मोकळीक. ऑपरेशननंतर हातात देतात ते तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र अनेक घरी लहान मुलांचं खेळणं होऊन पडतं. त्याचा खरा उपयोग ऑपरेशनच्या आधीपासून सराव केला तर जास्त.

अमेरिकेत येल विद्यापीठाशी जोडलेल्या रुग्णालयात 1999 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. सत्तरी ओलांडलेल्या 852 रुग्णांपैकी काहींना चष्मा आणि कानाचं यंत्र वेळेवर देणं, रात्री झोप मोडू न देणं, पाणी पाजणं, चालवणं, तारीख-वार सांगत राहणं, एवढंच नेमाने केलं. त्यांच्यात डिलिरियमचं प्रमाण 9.9 टक्के राहिलं, इतरांत 15 टक्के. हे रुग्ण ऑपरेशनचे नव्हते, वॉर्डात औषधोपचार घेणारे होते. पण या गोष्टी आता ऑपरेशनच्या रुग्णांसाठीही सुचवल्या जातात आणि त्यांना महागडं यंत्र लागत नाही.

घरच्यांनी काय सांगायचं, काय विचारायचं?

भूलतज्ज्ञ ऑपरेशनच्या आधी भेटतात तेव्हा आपण बहुधा 'बीपी आहे, शुगर आहे' इतकंच सांगतो. याआधी कधी ऑपरेशननंतर किंवा तापात गोंधळ झाला होता का, अलीकडे विसरणं वाढलंय का, झोपेची गोळी रोज चालू आहे का, हेही सांगायला हवं. दारूचं तर नक्कीच. 'बाबा रोज संध्याकाळी घेतात' हे लाजेखातर लपवलं जातं आणि दारू अचानक बंद झाल्याने दोन-तीन दिवसांत येणारा भ्रम मग भुलेच्या माथी मारला जातो. विडी, तंबाखू, मिशरी यांचंही खरं सांगावं.

विचारायचं असेल तर हे विचारा : एका फुफ्फुसावर साधारण किती वेळ ठेवावं लागेल? हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी वाढवता येईल का? दुखण्यासाठी नसा बधिर करायची सोय आहे का? आयसीयूत घरचं माणूस किती वेळ भेटू शकेल? बरेच भूलतज्ज्ञ या प्रश्नांवर बसून बोलतात.

ऑपरेशननंतर चष्मा, कानाचं यंत्र, कवळी लवकरात लवकर परत द्या. ओळखीचा आवाज, आपल्या भाषेतलं बोलणं, समोर कॅलेंडर आणि घड्याळ, दिवसा उजेड, रात्री अंधार. रुग्ण असंबद्ध बोलला तर वाद घालू नका, 'गाडीला अजून वेळ आहे, आपण दवाखान्यात आहोत' असं शांतपणे सांगा. हात बांधण्याने बऱ्याचदा तडफड वाढते. आणि रुग्ण नेहमीपेक्षा गप्प असेल तर ते नर्सला स्वतःहून सांगा. त्याचं नेहमीचं वागणं तुम्हाला माहीत आहे, त्यांना नाही.

तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय न उचलणं, बोलणं अचानक अडखळणं ही डिलिरियमची लक्षणं समजू नका. ती पक्षाघाताची असू शकतात, तिथे मिनिटं मोजावी लागतात. भराभर श्वास आणि वाढती गुंगी एकत्र दिसली तरी लगेच हाक मारा. अंगात कार्बन डायऑक्साइड साठत असेल किंवा संसर्ग पसरत असेल.

घरी आल्यावर पहिले काही आठवडे मोठे व्यवहार, सह्या, गाडी चालवणं पुढे ढकललेलं बरं. बहुतेकांचं डोकं या काळात हळूहळू ताळ्यावर येतं. महिना-दीड महिना उलटूनही पैशांचा हिशेब जमत नसेल, ओळखीचा रस्ता चुकत असेल, तर पुढच्या तपासणीला ते सर्जनला सांगा आणि मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवायला सांगा. थायरॉइड, बी-12, झोपेत श्वास अडकणं अशी बरी होणारी कारणं आधी तपासली जातात. काही वेळा ऑपरेशनच्या कितीतरी आधीच सुरू झालेला विसराळूपणा या निमित्ताने पहिल्यांदा घरच्यांच्या लक्षात येतो.